पीथमपूरची होंडा

धार आणि देवास ही नावे उच्चारली की आपल्या मनात उभ्या राहणाऱ्या गोष्टी बहुधा अठराव्या शतकातल्या असतात. उदाजीराव पवारांच्या माळव्यातील स्वाऱ्या, आनंदरावांची धारची गादी, तुकोजीराव व जिवाजीराव या बंधूंपासून चालत आलेल्या देवासच्या थोरल्या व धाकट्या पाती, हा आपल्या घरोघरच्या इतिहासाचा मुख्य भाग. जुन्या पेट्यांतून सनदा निघतात, इनामांचे कागद निघतात, दरबारच्या नेमणुकीची पत्रे निघतात. त्यांवर आपल्यातील अभ्यासकांनी कष्टाने लिहिले आहे. परंतु याच धार जिल्ह्यात, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, जगातल्या एका मोठ्या वाहन-उद्योगाच्या नावाचा कारखाना उभा राहिला आणि आपल्या पुष्कळ घरांतील मुले तेथे कामाला गेली, ही गोष्ट इतिहास म्हणून सांगावी असे आपल्याला फारसे वाटत नाही. तो उद्योग होंडा आणि ते ठिकाण पीथमपूर. या लेखात आम्हाला त्या कारखान्याची आणि त्यामागच्या जपानी कंपनीची हकीकत मांडायची आहे.

यंत्रविद्या धारला परकी नाही. लाट मशिदीच्या आवारात तीन तुकड्यांत पडलेला लोहस्तंभ आपण सर्वांनी पाहिला आहे. तुकड्यांची एकत्र लांबी १३ मीटरांहून थोडी अधिक भरते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सव्वासात मीटरांच्या आत आहे. लोखंडाचे तापवलेले गोळे घणाखाली एकजीव करीत हा स्तंभ घडवला गेला. त्या लोहारांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. राजा भोजाच्या नावे असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ग्रंथकार म्हणतो की, यंत्रांची रचना येथे सविस्तर सांगितलेली नाही ती विद्या गुप्त राहावी म्हणून; अज्ञानामुळे नव्हे. यंत्राचा उपयोग सर्वांना दिसावा, पण त्याची घडण मोजक्या लोकांपाशी राहावी, ही वृत्ती जुनी आहे. पीथमपूरच्या हकीकतीतही तिचा प्रत्यय येतो.

सोइचिरो होंडा हे लोहाराचे पुत्र. त्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतातील कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहारकाम करीत व सायकली दुरुस्त करीत. आई मिका विणकाम करी. शालेय शिक्षण बेताचे. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते टोकियोतील आर्ट शोकाई या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारीला लागले. पहिले काही महिने त्यांच्याकडे मालकाचे मूल सांभाळण्याचे काम होते. १९२८ मध्ये त्यांनी हामामात्सु येथे त्याच दुकानाची शाखा काढली. पुढे पिस्टन रिंग तयार करण्याचा उद्योग आरंभला, पण रिंगा टिकेनात. टोयोटाकडे तपासणीस पाठवलेल्या पन्नासांपैकी तीनच उतरल्या. तेव्हा तिशीतला हा कारखानदार धातुशास्त्र शिकण्यासाठी तांत्रिक विद्यालयात जाऊन बसला. परीक्षा दिल्या नाहीत म्हणून त्यांना पदविका मिळाली नाही, पण रिंगा सुधारल्या.

महायुद्धात बॉम्बवर्षाव आणि जानेवारी १९४५ चा भूकंप यांनी तो उद्योग मोडला. युद्ध संपल्यावर होंडांनी आपला हिस्सा टोयोटा समूहाला विकला आणि १९४६ मध्ये हामामात्सु येथे एक लहानशी संशोधनशाळा थाटली. पराभूत देशात रेल्वे खचाखच भरलेली, पेट्रोल दुर्मिळ, आणि लोक शिधा शोधत सायकलीवरून दूरदूरच्या खेड्यांत जाणारे. होंडांच्या हाती सैन्याच्या बिनतारी संचांना वीज पुरवणारी सुमारे ५०० छोटी इंजिने लागली. ती त्यांनी सायकलीला जोडली. पहिल्या नमुन्यात इंधनाची टाकी म्हणून घरातली शेकण्याची गरम पाण्याची बाटली वापरली होती. ही सायकल गर्दीच्या रस्त्यांतून चालवून पाहिली ती त्यांच्या पत्नी साची यांनी. कार्ब्युरेटरमधून उडणाऱ्या तेलाने कपडे खराब होतात अशी तक्रार त्यांनी केली, आणि तो दोष पुढे दूर झाला. होंडांच्या वाहनाची पहिली परीक्षा एका गृहिणीने घेतली, ही गोष्ट आम्हाला अर्थपूर्ण वाटते. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

२४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनीची स्थापना झाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा हे व्यवहारकुशल गृहस्थ भागीदार म्हणून आले. होंडांनी यंत्रशाळा सांभाळली आणि कंपनीचा शिक्का फुजिसावांच्या स्वाधीन केला. शिक्का दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे काय, हे कारभाऱ्यांच्या कुळांतून आलेल्या आपल्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

सगळे प्रयत्न यशस्वी झाले असे नाही. १९५४ मध्ये त्यांनी ‘जुनो’ नावाची स्कूटर काढली. तिला बटणावर सुरू होणारे इंजिन होते, प्लॅस्टिकचे नवे आवरण होते. पण ती जड झाली, तापू लागली, आणि कंपनीला मोठा फटका बसला. यानंतर १९५८ मध्ये आलेली ‘सुपर कब’ मात्र जगभर गेली. तिच्यामागे फुजिसावांचा एक आग्रह होता : शेवयांच्या वाट्या पोहोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात तबक धरून दुसऱ्या हाताने चालवता आली पाहिजे. म्हणून क्लचची मूठच काढून टाकली. इंजिनाच्या गतीप्रमाणे क्लच आपोआप लागे व सुटे. साखळी झाकली, पुढे चिखल अडवणारे आवरण दिले. २०१७ मध्ये या गाडीच्या उत्पादनाने १० कोटींचा आकडा ओलांडला.

मोटारीकडे होंडा उशिरा वळले, आणि तेही सरकारशी भांडत. १९६१ च्या सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने मोटार-कारखान्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचे ठरवले; नव्यांना दार बंद होणार होते. होंडांनी उघड विरोध केला आणि दार बंद होण्याआधी आत शिरण्यासाठी घाई केली. १९६३ मध्ये टी-३६० हा छोटा ट्रक आणि एस-५०० ही छोटी स्पोर्ट्स मोटार बाहेर पडली. तो कायदा अखेर झालाच नाही. १९६४ मध्ये कंपनी फॉर्म्युला वन शर्यतींत उतरली आणि १९६५ मध्ये मेक्सिकोत तिने पहिला विजय मिळवला.

खरा कस लागला तो १९७० च्या अमेरिकी हवा-शुद्धता कायद्याने. धुरातील विषारी वायू फार मोठ्या प्रमाणात घटवण्याची अट त्यात होती, आणि मोठे अमेरिकी कारखानदार ती अशक्य असल्याचे सांगत होते. होंडाच्या तरुण अभियंत्यांनी इंजिनाच्या मुख्य ज्वलनकक्षाला एक छोटा कक्ष जोडला. छोट्या कक्षात पेट्रोलचे प्रमाण अधिक असलेले मिश्रण पेटे, आणि त्याची ज्योत मुख्य कक्षातील विरळ मिश्रण पूर्णपणे जाळी. धूर नळीतून बाहेर पडल्यावर शुद्ध करण्याऐवजी तो मुळातच कमी निर्माण होई. १९७२ मध्ये जाहीर झालेले हे सीव्हीसीसी इंजिन ‘सिव्हिक’ या छोट्या मोटारीत बसले. १९७३ च्या तेलसंकटानंतर अशीच मोटार जगाला हवी होती. या यशापूर्वी एक अवघड प्रसंग येऊन गेला होता. स्वतः होंडा हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे हट्टी पुरस्कर्ते होते, तर तरुण अभियंत्यांना पाण्याने थंड होणारे इंजिन हवे होते. शेवटी संस्थापकाने माघार घेतली. १९७३ मध्ये होंडा व फुजिसावा दोघेही एकाच वेळी निवृत्त झाले आणि सूत्रे कारखान्यात वाढलेल्या माणसांकडे गेली. मुलांना वारसाहक्काने कंपनीत आणायचे नाही, असे त्यांचे धोरण होते. वतन, सरंजाम आणि दत्तकविधान यांच्या कागदांत रमणाऱ्या आपल्यासारख्यांनी या गोष्टीपाशी क्षणभर थांबावे. सोइचिरो होंडा ५ ऑगस्ट १९९१ रोजी वारले.

आता माळव्याकडे येऊ. १९८० नंतर मध्य प्रदेश सरकारने उद्योगविरहित धार जिल्ह्यात, महूजवळच्या पीथमपुरात, औद्योगिक वसाहत उभारली. मागास भागात कारखाना काढणाऱ्यास सवलती होत्या, इंदूरसारखे शहर जवळ होते आणि मुंबईकडे जाणारा आग्रा मार्ग हाताशी होता. याच काळात केंद्र सरकारने लहान दुचाक्या व हलके ट्रक यांसाठी परदेशी सहकार्याची वाट मोकळी केली. सुझुकी, यामाहा, कावासाकी आणि होंडा या चारही जपानी कंपन्या दुचाक्यांसाठी भारतात आल्या. होंडाने १९८४ मध्ये दोन घरांशी करार केले. मोटरसायकल मुंजालांच्या वाट्याला गेली आणि हीरो होंडा जन्मास आली. स्कूटर फिरोदियांच्या वाट्याला आली आणि तिचा कारखाना पीथमपुरात उभा राहिला.

फिरोदिया घराणे नगरचे. कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग स्थापन करून १९७२ मध्ये ‘लूना’ ही मोपेड आणली, आणि हस्तीमल यांचे पुत्र अरुण फिरोदिया यांच्या काळात होंडाशी सहकार्य झाले. पवारांचे मूळ ठाणे नगर जिल्ह्यातील सुपे. अहिल्याबाईंचे माहेर त्याच जिल्ह्यातील चौंडी, ज्यांच्या नावाने तो जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला. नगरकडून माळव्यात येण्याची ही वाट अशी आपल्या पूर्वजांच्या परिचयाची होती. या खेपेस तिच्यावरून स्वार आले नाहीत, यंत्रे आली.

कायनेटिक होंडा ही ९८ सीसीची स्कूटर होती. त्या काळी स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत क्लच, मूठ फिरवून गिअर, उजव्या पायाने ब्रेक आणि सुरू करण्यासाठी जोरदार किक. थंडीच्या सकाळी गाडी एका अंगावर तिरकी करून किका मारणारे गृहस्थ प्रत्येक आळीत दिसत. ती मिळवण्यासाठीसुद्धा नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नव्या स्कूटरला गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू होई. इंजिनाकडे एक कप्पी आणि मागच्या चाकाकडे दुसरी. दोन्हींवरून फिरणारा एक पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या कप्पीतील छोटे रूळ बाहेर फेकले जात, कप्पीच्या दोन तबकड्या जवळ येत, पट्टा वर चढे आणि गाडीचा वेग आपोआप वाढे. दोन्ही ब्रेक हातात. ही गाडी पेट्रोल जरा जास्त पीत असे, पण चालवणाऱ्याकडून ती काहीच विद्या मागत नसे.

होंडाच्या आकर्षणाचे मर्म आम्हाला येथे दिसते. शर्यतींतले विजय, मोटारींची सफाई हे सारे खरे. पण साची होंडांच्या तक्रारीपासून तबकधारी पोऱ्यापर्यंत आणि तेथून पीथमपूरच्या स्कूटरपर्यंत एकच विचार चालत आलेला आहे. यंत्र वापरणाऱ्याने ताकद लावायची, कपडे खराब करायचे, युक्त्या शिकायच्या, हे कष्ट घडवणाऱ्याने आपल्या अंगावर घ्यावेत. जुनो स्कूटरच्या ज्या बटणाने १९५४ मध्ये होंडांना हात दाखवला, तेच बटण तीस वर्षांनी माळव्यात यशस्वी झाले. त्याचा सर्वांत मोठा लाभ स्त्रियांना झाला. साडी नेसलेली शिक्षिका, बँकेत नोकरी करणारी मुलगी, संध्याकाळी गाण्याच्या शिकवणीला जाणारी विद्यार्थिनी यांना भावाची किंवा नवऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ज्या घरांत स्कूटर ही पुरुषाची वस्तू होती तेथे तिची किल्ली हळूहळू दाराजवळच्या खुंटीवर आली आणि सर्वांची झाली. आपल्या समाजातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा-महाविद्यालयांच्या जोडीला या किल्लीचाही उल्लेख व्हावयास हवा.

कारखान्यात काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी. आपली घराणी कारकुनी, वकिली, शिक्षकी आणि दरबारी चाकरीची. हत्यार हातात धरणे म्हणजे खालच्या पायरीचे काम, ही समजूत आपल्याकडे पक्की होती. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आणि गिअर बनवणारे कारखाने आल्यावरही ती पुरती गेली नव्हती. पीथमपूरने तिला धक्का दिला. पदविका घेतलेली मुले कामाच्या गणवेशात पाळीच्या बसने जाऊ लागली. जपानी कारखानदारीत अधिकाऱ्याने स्वतः यंत्रापाशी उभे राहून दोष शोधायचा असतो. सोइचिरो होंडा तर आयुष्यभर तेलकट हातांचा अभिमान बाळगणारे गृहस्थ. मायक्रोमीटरने मोजलेल्या एका बारीक फरकावर अख्खा सुटा भाग बाजूला काढण्याची शिस्त या मुलांच्या अंगवळणी पडली. लोहस्तंभ घडवणाऱ्या अनामिकांच्या गावाजवळ ही कला, म्हणायचे तर, परत आली.

परंतु घडवणे आणि आराखडा करणे यांत अंतर आहे. स्कूटरची मूळ रचना होंडाची, जपानची. १९८४ च्या वाटणीत स्कूटर हा सरस वाटा वाटला होता, कारण तेव्हा देशात स्कूटरी अधिक खपत. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस बाजार मोटरसायकलीकडे झुकला. भागीदारांचे मतभेद वाढले आणि १९९८ मध्ये फिरोदियांनी होंडाचा हिस्सा विकत घेतला. कारखाना राहिला, कामगार राहिले. आराखड्यांचा झरा मात्र आटला. पुढच्या दहा वर्षांत कंपनीने इटलीच्या इटालजेट, कोरियाच्या ह्योसंग आणि तैवानच्या एसवायएम यांच्याकडून रचना आणून पाहिल्या. २००८ मध्ये हा दुचाकी व्यवसाय महिंद्रांनी घेतला. इकडे होंडाने १९९९ मध्ये हरियाणात मानेसर येथे स्वतःची कंपनी काढली आणि २००१ मध्ये बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी ‘अ‍ॅक्टिव्हा’ आणली. ती आज धारच्या आणि देवासच्या गल्लीगल्लीत दिसते. जो विचार पीथमपुरात रुजला त्याचे पीक मानेसरला आले, असे म्हणावे लागते. होंडाच्या मोटारीही अन्यत्रच तयार झाल्या. १९९८ ची ‘सिटी’ ग्रेटर नोएडात बनली, आणि ते उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबून राजस्थानातील तापुकडा येथे एकवटले.

याच वसाहतीतील आयशरचे उदाहरण शेजारी ठेवण्यासारखे आहे. आयशर व मित्सुबिशी यांचा ‘कँटर’ ट्रक १९८६ मध्ये पीथमपुरात सुरू झाला. त्याच वेळी टोयोटा, निसान व माझदा यांचे ट्रकही भारतात इतरत्र बनू लागले होते. सप्टेंबर १९८५ पूर्वी एका डॉलरला सुमारे २४० येन पडत. वर्षभरात हा भाव दीडशेच्या आसपास आला. जपानहून येणारे सुटे भाग एकदम महागले आणि या सर्व कंपन्यांची कोंडी झाली. आयशरने भाग देशातच बनवून घेण्याचा सपाटा लावला. मित्सुबिशीशी असलेला तांत्रिक करार १९९४ मध्ये संपला तरी ट्रक थांबले नाहीत. पुढे २००८ मध्ये व्होल्वोशी भागीदारी झाली आणि त्या समूहासाठीची इंजिनेही पीथमपुरात तयार होऊ लागली. शिकवणारा निघून गेल्यावर शिष्याजवळ किती उरते, हा प्रश्न दोन्ही कारखान्यांपुढे होता. उत्तरे वेगळी आली. राजा भोजाचा ग्रंथकार म्हणतो त्याप्रमाणे रचनेची विद्या कोणी आपण होऊन सांगत नाही. ती स्वतः मिळवावी लागते.

तरीही पीथमपूरचा हिशेब तोट्याचा मांडता येणार नाही. कायनेटिकच्या कारखान्यातून पुढे महिंद्रांच्या स्कूटरी निघाल्या आणि २०१८ पासून जावा मोटरसायकलीही. शेजारीच वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ मध्ये खुला झाला. आशियातील अशा मार्गांत तो सर्वांत लांब म्हणून गणला गेला. २०२५ मध्ये फिरोदियांनी ‘डीएक्स’ हे जुने नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देऊन पुन्हा बाजारात आणले. हे सारे घडते आहे ते १९८५ च्या सुमारास तयार झालेल्या हातांच्या पायावर.

ते हात आता निवृत्त झाले आहेत. त्यांपैकी पुष्कळ आपल्याच आळीत, आपल्याच नात्यात आहेत. त्यांची नेमणूकपत्रे, प्रशिक्षणाच्या वह्या, पहिल्या तुकडीची छायाचित्रे, कारखान्याच्या वर्धापनदिनाचे अंक हे कागद कोणत्याही दप्तरखान्यात जाणार नाहीत. घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जातील. सनद जपणाऱ्या घराने पाळीचे ओळखपत्रही जपावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. ज्यांना लिहिणे जमेल त्यांनी चार पाने लिहावीत; ज्यांना जमणार नाही त्यांच्याजवळ नातवंडांनी वही घेऊन बसावे. लोहस्तंभाच्या कारागिरांची नावे आपल्याला कधीच मिळणार नाहीत. पीथमपूरच्या कारागिरांची अजून मिळू शकतात, आणि ती टिपून ठेवण्यास फार वर्षे उरलेली नाहीत.